संमोहनातल्या 'सजेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठी: एका मानसोपचारतज्ज्ञांसाठी मराठी पत्रक करून राहिलो आहे. विषय, संमोहनाने सिगारेट सोडवणे. मी लिहिलं, 'संमोहित अवस्थेत रुग्णाला सूचना दिल्या जातात.' आमच्या काकांना वाचायला दिलं, सोडायची त्यांनाच आहे. म्हणाले, "सूचना? म्हणजे 'उद्या नळ येणार नाही' तशी?" आता 'सजेशन'ला काय लिहू? काकू तर 'संमोहन' वाचूनच बिथरल्या. त्यांच्या लेखी ते वशीकरण, भिंतीवर मोबाईल नंबरासकट चिकटवलेलं असतं ते.

इतवारी_जुनी: शब्द बरोबर आहे. सूचना, सूचक, सुचवणे एकाच घरचे. कचेऱ्यांनी तो नोटिशीसाठी राबवला म्हणून आपण टाकून द्यायचा का? 'सूचक मौन' म्हणताना कुणाला फलक आठवतो?

महालच्या_बाई: पत्रक काकांसाठी आहे की धातुपाठासाठी? 'मनावर बिंबवलं जातं' लिहा नि मोकळे व्हा. मराठीत धडधाकट क्रियापद असताना नाम शोधत बसायचं, ही भाषांतरकारांची खोड.

इतवारी_जुनी: बिंबवायला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, बाई. ते वर्गात होतं. इथे एका बैठकीचं काम आहे म्हणतात.

धरमपेठी: बैठक एक असली तरी घोकंपट्टी आहेच. हर्बर्ट स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये ही एका बैठकीची पद्धत मांडली. तीनच मुद्दे. धूर शरीराला विष आहे. जगायचं तर शरीर हवं. म्हणून शरीराचा मान राखणं, त्याला जपणं तुमच्याकडे लागतं. रुग्णाने हे नंतर घरी स्वतःच तंद्री लावून मनाशी घोळवायचं. बिंबवणं त्यात बसतं की. पण तिसऱ्यात मी अडलोय. 'शरीराचं देणं लागता' लिहिलं तर दारात सावकार उभा राहतो. शिवाय 'तू' की 'तुम्ही'? डॉक्टर काकांना 'तू' म्हणणार नाहीत, आणि काका स्वतःशी बोलताना स्वतःला 'तुम्ही' कसे म्हणतील?

रामटेकवाला: तू-तुम्हीचं नंतर बघू, आधी काकूंची भीती घालवा. कालिदासाच्या रघुवंशात, पाचव्या सर्गात अज इंदुमतीच्या स्वयंवराला निघालाय, म्हणजे विदर्भात, आपल्याकडेच. वाटेत प्रियंवद गंधर्व त्याला अस्त्र देतो, नाव 'संमोहन'. गुण काय, तर 'न चारिहिंसा विजयश्च हस्ते'. शत्रूला मारायचं नाही नि विजय हातात. पुढे सातव्या सर्गात तो वाट अडवणाऱ्या राजांची अख्खी सेना झोपवतो. वशीकरणवाल्या बाबाचा इथे काय संबंध?

सक्करदरा_एक्स्प्रेस: झोपवतो ना? तिथंच घोळ आहे भाऊ. संमोहनात माणूस झोपत नाही. 'हिप्नॉटिझम' रूढ केला मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने, ग्रीक 'हिप्नोस' म्हणजे झोप, त्यावरून. १८४३ चं त्याचं पुस्तक आहे. पुढे त्यालाच पटेना, म्हणून मन एकाच कल्पनेवर खिळतं अशा अर्थाचा 'मोनोआयडिइझम' शब्द त्याने काढला. तो चालला नाही. तात्पर्य, सरळ 'हिप्नॉटिझम' लिहा, पानठेल्यावरही समजतो.

महालच्या_बाई: म्हणजे त्यांचाही शब्द चुकलेलाच! मग आपला चुकलेला काय वाईट? मला तर 'भूल' आवडला असता. भूल पडणे, भूल घालणे, भुरळ.

इतवारी_जुनी: भूल दवाखान्याने केव्हाच नेली. 'भूल देऊन सिगारेट सोडवतात' वाचून काका उपाशीपोटी यायचे. तसा तुमचा हक्क जुना आहे म्हणा. १८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल हा सर्जन मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचा जुना अवतार, भुलीसारखा वापरूनच चिरफाड करायचा, क्लोरोफॉर्म आला १८४७ मध्ये.

बुटीबोरी_शिफ्ट: मधात बोलतो, माफी असावी जी. पण याने सुटते का? मी बी सिगारेट पिणं सोडून राहिलो, सकाळच्या चहासोबतची काही सुटत नाही.

सक्करदरा_एक्स्प्रेस: २०१९ चा कोक्रेन आढावा आहे, म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा. १४ अभ्यास, १,९२६ माणसं. इतर मार्गांपेक्षा किंवा काहीच न करण्यापेक्षा संमोहन सरस, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. चालत नाही असंही सिद्ध झालं नाही. पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबर १८००-११-२३५६ छापलेला असतो, तो लावून पाहा, फुकट आहे.

इतवारी_जुनी: आणि सिगारेट 'ओढतात'. पिणं हिंदीतून घुसलंय.

बुटीबोरी_शिफ्ट: मग धूम्रपानातलं पान कोणतं, मघई का बनारसी?

रामटेकवाला: हाहा. संस्कृतात प्यायली तर शुद्ध, मराठीत प्यायली की हिंदी!

इतवारी_जुनी: समासाचा नियम बोलीला लावू नका. आपलं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्याचे परिणाम भोगतोय.

महालच्या_बाई: परिणाम कसले? आमची आजी 'बिडी पिते' असंच म्हणायची, आणि तिला हिंदीत भाजीसुद्धा घेता येत नव्हती. शुद्ध मराठीचं नाकं पुण्यात बसवलंय का?

सक्करदरा_एक्स्प्रेस: पिणे, ओढणे, फुकणे तिन्ही चालतात. नागपुरात खरा प्रश्न खर्ऱ्याचा आहे, सुपारी-तंबाखू-चुना घोटून चघळतात त्याचा. पत्रकात तो आहे का? 'धूम्रपान' वाचून अर्धे लोक म्हणतील, हे आपल्यासाठी नाही.

धरमपेठी: खर्रा मूळ मजकुरात नाही, पण डॉक्टरांना विचारतो. तूर्त 'मनावर बिंबवलं जातं' ठेवलंय. तू-तुम्हीचं कुणी सांगेल का?

बुटीबोरी_शिफ्ट: खर्रा टाकाच. आणि 'खर्रा घोटणे' लिहा, कोणी 'मळणे' लिहिलं तर मी वाचणार नाही.

इतवारी_जुनी: मळतात ती तंबाखू. पण 'घोटणे'ला माझी हरकत आहे, सांगतो.