कॉलसाठी ब्लूटूथ घेताय? टीडब्ल्यूएसची (बिनवायरच्या दोन सुट्या कळ्यांची) डबी नको, गळ्यातला नेकबँड किंवा बूमवाला (तोंडाशी माईकची दांडी असलेला) घ्या (चर्चा)

रंकाळावेस
कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईलच्या कुठल्याही दुकानात "कॉलसाठी ब्लूटूथ दाखवा" म्हणा, काउंटरवर पहिली येते ती दोन कळ्यांची डबी. माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा दिवस फोनवर बोलण्यातच जातो, मग तो मार्केट यार्डातला अडत्या असो, गांधीनगरचा होलसेलवाला असो की औषधांचा एमआर, त्यानं टीडब्ल्यूएस घेऊ नये. नेकबँड घ्यावा. गाणी ऐकायचीच नसतील तर एका कानाचा बूमवाला हेडसेट, त्याला तोड नाही.

सगळा खेळ माईक तोंडापासून किती लांब आहे याचा. कळीतला माईक कानाशी, म्हणजे तोंडापासून १०-१२ सेंमी. बूमचा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंमी. अंतर निम्मं झालं की बोलणं साधारण ६ डेसिबलनं जोरात पोचतं. १२ चे ३ म्हणजे दोनदा निम्मं, १२ डेसिबल पदरात. आजूबाजूचा कालवा मात्र होता तेवढाच राहतो. कंपन्या जे सॉफ्टवेअरनं करू बघतात ते इथं नुसत्या दांडीनं होतं.

दुसरं बॅटरी. एका कळीत ३५ ते ५० एमएएचचा सेल, नेकबँडमध्ये बहुधा १५०-२०० चा. बॉक्सवरचे "४० तास" हे डबीत पुन्हा पुन्हा चार्ज करून, मध्यम आवाजात गाणी ऐकल्यावरचे. कॉलवर माईक आणि गोंगाट गाळणारं प्रोसेसिंग दोन्ही चालू असतात, कळी तीन-चार तासांत मान टाकते.

शाहूपुरी_३री_गल्ली
बूमचं मान्य. पण बूमच्या पाठीवर बसवून नेकबँड गुपचूप आत आणलात, ते नाही चालणार. नेकबँडचा माईक असतो कुठं? बटणांच्या पट्टीत, गळपट्टीच्या हाडाजवळ. तोंडापासून १२-१५ सेंमी, म्हणजे कळीइतकाच किंवा जास्तच लांब. वर तो शर्टाच्या कॉलरला, साडीच्या पदराला, गळ्यातल्या चेनला घासतो. पुढच्याला खरखर ऐकू जाते आणि तो म्हणतो "नेटवर्क नाही वाटतं."

देठ असलेल्या टीडब्ल्यूएसमध्ये दोन माईक असतात, त्यातून तोंडाच्या दिशेचा आवाज वेगळा काढता येतो. देठ मात्र गालाच्या रेषेत, तोंडाकडं हवा. बरेच जण तो मागं वळवून घालतात आणि मग कंपनीला शिव्या. बॅटरीचं म्हणाल तर एक कळी कानात, दुसरी डबीत, आलटून पालटून. नेकबँडची बॅटरी उतरली की सगळंच बंद.

गूळसौदा
दोघंबी ज्ञानी हायसा. पण दुकानदार म्हणतोय एएनसी हाय, ईएनसी हाय, ब्लूटूथ ५.३ हाय. सौदा चालू असताना पुढच्याला माझा भाव नीट कळला पायजे, बाकी काय नगं. दुकानातच कसं तपासायचं, ते सांगा की.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
एएनसी (तुम्हाला ऐकू येणारा गोंगाट कापणं) तुमच्या कानासाठी, ईएनसी (माईकमधून जाणारा गोंगाट गाळणं) पुढच्याच्या कानासाठी. तुमच्या कामाला ईएनसी. पण बॉक्सवर ती अक्षरं छापायला काही लागत नाही, म्हणून तपासायचं असं:

१. दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखीच्या माणसाला कॉल लावा. व्हॉट्सॲपवर नको, साधा कॉल.
२. एक ते वीस आकडे सावकाश म्हणा, म्हणताना मान डावीकडं-उजवीकडं फिरवा. कुठले आकडे गिळले ते पुढच्याला विचारा. स्वस्त ईएनसी शब्दाची सुरुवातच कापतं. "सव्वीसशे"चं "वीसशे" झालं तर सौदाच बुडाला.
३. फोन पॅंटच्या मागच्या खिशात, हेडसेटच्या विरुद्ध बाजूला ठेवून चार पावलं चाला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी ही लहर शोषतं. तुटायचं तर इथंच तुटेल.

व्हॉइस रेकॉर्डर लावून तपासू नका. बरीच रेकॉर्डर ॲप्स हेडसेट जोडलेला असला तरी फोनचाच माईक वापरतात, तुम्हाला वाटतं काय झकास आवाज.

आणि ५.३ वर भुलू नका, तो आकडा आवाजाच्या दर्जाचा नाही. एलडॅक, एपीटीएक्स, एएसी हे गाण्यांचे कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धती. कॉल लागला की हेडसेट कॉलच्या वेगळ्या प्रोफाइलवर (जोडणीच्या प्रकारावर) जातो, तिथले कोडेक वेगळे: जुना सीव्हीएसडी असेल तर ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, एमएसबीसी असेल तर १६. ८ वर आवाज डब्यातून आल्यासारखा. फोन आणि हेडसेट दोन्हीकडं एमएसबीसी असलं तरच १६ मिळतं. बॉक्सवर "वाइडबँड" किंवा "एचडी व्हॉइस" शोधा.

रंकाळावेस
@शाहूपुरी, कॉलर घासते कारण पट्टी आतल्या बाजूला वळलेली असते. माईकचं बारीक भोक बाहेरच्या बाजूला ठेवा, वायर कॉलरवरून घ्या, खरखर जाते. आणि दुरुस्तीचं कोण बोलणार? नेकबँडची वायर तुटते ती ठरलेल्या जागी, पट्टीतून बाहेर पडते तिथं. कापून नवं सोल्डरिंग करता येतं, सेलही बदलता येतो. कळी चिकटवून बंद केलेली, उघडली की गेली.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
यात रंकाळावेसशी सहमत, एवढं जोडतो: "एक कळी बंद पडली" म्हणून जे येतं त्यात निम्म्या वेळा कळी मेलेलीच नसते. डबीतल्या दोन पिनांवर घामाचा हिरवा-काळा थर बसतो, कळी चार्जच होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा पिनांवर आणि कळीच्या टिकल्यांवर फिरवायचा, वाळू द्यायचं. एका बाजूचा आवाज बारीक झाला तर जाळीत मळ असतो. सिलिकॉनचं टोपण काढा, जाळी जमिनीकडं धरा, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. सुई घालू नका आणि फुंकही मारू नका, मळ आत जातो.

उद्यमनगर_सीएनसी
बूम, नेकबँड ठीक आहे, पण कारखान्याच्या शॉपमध्ये मशीनचा आवाज असतो. तिथं एएनसीवाली टीडब्ल्यूएसच बरी, कानही वाचतो आणि फोनही होतो. एका दगडात दोन पक्षी.

शाहूपुरी_३री_गल्ली
टीडब्ल्यूएसच्या बाजूचा असूनही याला माझा ठाम विरोध. एएनसी सलग घरघर कापतं: कंप्रेसर, एक्झॉस्ट फॅन, बसचं इंजिन. ग्राइंडरची किंचाळी आणि हातोड्याचा ठोका त्याच्या आवाक्याबाहेर, तिथं जे काय अडतं ते सिलिकॉन टोपणानं. कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) जागी ती सहज ओलांडते. शिवाय गोंगाटात माणूस कळीचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आठवड्याला ४० तास ८० डेसिबल; दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, ८९ वर ५ तास उरतात. शॉपमध्ये इअरमफ किंवा फोमचे प्लग घाला, फोन बाहेर येऊन घ्या.

कावळा_नाका
आणि गाडीवर? हेल्मेटमध्ये कळ्या घालून हायवेवरच्या तावडे हॉटेल चौकाकडं सुटणारे रोज दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये "हातात धरलेलं" उपकरण आलं, म्हणून हे म्हणतात हात मोकळे आहेत की.

रंकाळावेस
हात मोकळे, डोकं कॉलवर. कायद्याचा कीस काढण्यापेक्षा मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो का ते बघा. शिवाय वाऱ्यात या माईकचं काही चालत नाही, पन्हाळ्याच्या चढाला पुढच्याला नुसती घोंघोंच जाते. गाडी बाजूला घ्या, बोला.

गूळसौदा
बूमवालाच बघतो मग. पावसात चालंल का? आन् गांधीनगरात स्वस्त मिळतोय म्हणत्यात.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
बॉक्सवरचं पाण्याचं रेटिंग बघा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसतो, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार. ते रेटिंग बहुतेक वेळा फक्त कानातल्या भागाचं असतं, डबीचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हेडसेट भिजला तर पुसून कोरडा केल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. ओल्या पिनांतून करंट गेला की गंज सुरू.

गांधीनगरात घ्या, पण बॉक्सवर "आर-"नं सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. नंबर दुसऱ्याच मालाचा निघाला तर ठेवून या.

एक अजून. स्वस्त मालाला टाइप-सी खाच असते, पण चार्जरला ओळख देणारे आतले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनं तो चार्ज होत नाही, लोक बिघडला म्हणून परत आणतात. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लगेच दिवा लागतो.