एक्सटर्नल हार्ड डिस्क 'फॉरमॅट करा' म्हणतेय

कृष्णाकाठ, सांगली: १ टीबीची अडीच इंची डिस्क. लाइट लागतो, ड्राइव्ह लेटरही येतं, उघडायला गेलं की फॉरमॅट मागतंय. आत हळदीच्या अडतीचे चार वर्षांचे हिशोब आहेत. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू का?

मिरजवाला: अजिबात नको. चेकडिस्क दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं, वाचण्यासारखं असेल तेही जाऊ शकतं. आधी केबल बदला, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. मग क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) सी५ बघा, म्हणजे वाचता न येणाऱ्या, अडलेल्या सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा. शून्य नसेल तर कॉपी-पेस्टच्या नादी लागू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा काढणारं टूल) अख्खी इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, काढा, समोर २ टीबीची डिस्क ठेवा. पहिली फेरी कमांडमध्ये मायनस एन (-n) लावून. अडलेले सेक्टर खरवडत न बसता चांगला भाग आधी निघतो. मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं त्याची नोंद) द्याच, लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारं टूल) नंतर, तेही इमेजवर.

तासगावकर: टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. बहुतेक हेड (प्लेटवरून डेटा वाचणारा भाग) गेलेलं असतं, परत परत पॉवर दिली तर प्लेटवर ओरखडे. फ्रीजरचा उपाय तर विसराच, आत दव धरतं.

कृष्णाकाठ: आवाज नाही. सी५ समोर २८ दिसतंय.

मिरजवाला: तो आकडा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) असतो, २ गुणिले १६ अधिक ८ म्हणजे ४० सेक्टर. आजच इमेज काढायला घ्या.