शेवग्याचा पाला : धाब्यावर की ओसरीत?

अमळनेरची ताई :
आमच्या बचत गटात नऊ बाया. बांधावरच्या शेवग्याचा पाला वाळवून पावडर करतो. एप्रिलात पापड-कुरडयांसारखाच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात साडीवर पसरला. एका दिवसात कडकडीत वाळला, पण रंग पिवळट, चुरगळला तर वास जुन्या कडब्याचा. सासूबाईंनी थोडा पाला ओसरीत बाजेवर टाकला होता. त्याला तीन दिवस लागले, पण हिरवागार राहिला. फरक रंगापुरताच, की आतलं सत्त्वही गेलं? लेकुरवाळ्या बाया ही पावडर नेतात, म्हणून जीवाला घोर लागलाय.

चोपड्याचा भाऊ :
ताई, सत्त्वही गेलं, पण सगळं नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाल्याचे अर्क काढतो. एकाच झाडाचा दोन्ही प्रकारे वाळवलेला पाला सारख्या वजनाने अल्कोहोल-पाण्यात भिजवला. सावलीतल्याचा अर्क गडद हिरवा, उन्हातल्याचा तपकिरी. अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीरातली झीज रोखायला मदत करणारी द्रव्यं, तपासायचं जांभळं द्रावण असतं. ती जास्त असली की ते लवकर पिवळं होतं. सावलीतल्या अर्काचे थेंब पडताच ते पिवळं व्हायला लागलं, उन्हातल्याने किती तरी वेळ जांभळटच राहिलं.

ऊन आणि हवा मिळून क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन खातात. लोह, कॅल्शियम मात्र उन्हाने उडत नाही.

आता महत्त्वाचं. नुसती सावली पुरत नाही. तोडलेल्या पानातली विकरं (एन्झाइम) पान ओलं असेपर्यंत काम करतात आणि पॉलिफेनॉल, म्हणजे पानातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, खराब करत राहतात. पान लवकर वाळलं की ती थांबतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी कोरडी की ओसरीत पंख्याखाली काम भागतं. आषाढात तीच ओसरी पाल्याला बुरशी आणते. तेव्हा ५० अंशांच्या आसपास चालणारा ट्रे ड्रायर, म्हणजे ताटांत पाला पसरून गरम हवेने वाळवायचं यंत्र, बरा. आणि थर एका पानाचाच ठेवा, ढीग नको.

यावलकर :
आम्ही सोलर ड्रायरवर काळं कापड टाकतो. गरम हवा मिळते, ऊन लागत नाही. तुळस, पुदिना असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, त्यांचं सुवासिक तेल उडून जातं.

अमळनेरची ताई :
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मी तं पहिलेच सांगेल व्हतं." धाब्यावरची चार किलो पावडर विकणार नाही. लोह आहे ना त्यात, घरच्याच भाकरीच्या पिठात घालू. भाऊ, पावडर भरायला काचेची बरणी चालेल की उजेडाने खराब होईल?

चोपड्याचा भाऊ :
उजेडाने खराब होईल. स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा.