मदत हवी आहे : घरच्यांसाठी इलेक्ट्रिक गाडी, पण कोणती?

नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल गाडी आता काढायची आहे आणि घरात इलेक्ट्रिकवर एकमत झालंय (म्हणजे मुलांनी ठरवलंय, आम्ही मान डोलावली). माणसं पाच, त्यात आईचे गुडघे दुखरे.

रोजचं धावणं जेमतेम ४० किलोमीटर. म्हणजे साधारण ६ युनिट वीज. घरच्या ३ किलोवॉटच्या चार्जरवरही दोन-अडीच तासांचं काम. त्याची काळजी नाही. घोडं अडलंय ते दुसरीकडे.

एक म्हणजे बॅटरी. दोन प्रकार दिसतात: एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) वाली १०० टक्के चार्ज केली तरी चालते, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) वाली रोज ८० टक्क्यांपर्यंतच ठेवा म्हणतात; पण तेवढ्याच वजनात एनएमसीत वीज जास्त मावते. लांबचा प्रवास आमचा वर्षातून चार-पाच वेळा. हायवेवर १०० च्या वेगाने, एसी लावून, पाच माणसं आणि भरलेली डिकी, अशी खरी रेंज किती हाती लागते? स्वतः चालवलीय त्यांनीच सांगा, ब्रोशर मलाही वाचता येतं.

आणि मागची सीट! ट्रायल घेतलेल्या गाडीत बॅटरीमुळे तळ उंच. आई बसली तर गुडघे पोटाशी, मांड्या अधांतरी. पाच मिनिटांत म्हणाली, "तुम्ही जा, मी बसनं येते." वयस्कर माणूस मागे दोन-तीन तास आरामात बसतो अशी गाडी कोणाकडे आहे का?