एच-१बी वर आहे, ओळखीच्या उमेदवाराला पैसे देता येतात का?

एडिसनकर:
मंडळी, एक शंका. आमच्याच भागातले एक मराठी गृहस्थ टाउनशिप कौन्सिलला उभे आहेत. दर गणपतीत आरतीला भेट होते, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. शनिवारी त्यांचा फंडरेझर आहे, तिकीट १०० डॉलर. मी एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. टॅक्स भरतो, घर इथे घेतलंय. ऑनलाइन पैसे भरायला गेलो तर ‘मी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे’ अशी चौकट आली, तिथेच अडलो. त्यांचा कार्यकर्ता म्हणतो, ही बंदी वॉशिंग्टनच्या निवडणुकांना आहे, गावपातळीवर कोण बघतंय! मुलगा इथेच जन्मलाय, नऊ वर्षांचा आहे. त्याच्या नावावर भरले तर?

खजिनदार_काकू:
टिक करू नकोस. खोटं लिहून दिल्यासारखं होईल.

आमच्याकडच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मी एका उमेदवाराची खजिनदार होते, म्हणून अधिकारानं सांगते. तो कार्यकर्ता चुकीचं सांगतोय. कायदा फेडरल आहे, पण त्यातच संघीय, राज्य आणि स्थानिक अशा तिन्ही निवडणुका लिहिल्या आहेत. ग्रीन कार्ड नसलेला परदेशी नागरिक एक डॉलरही देऊ शकत नाही, आणि उमेदवारानं तो मागायचाही नाही, घ्यायचाही नाही. म्हणजे तुझ्या शंभरामुळे त्या गृहस्थांच्याही गळ्याशी येईल. ‘टॅक्स भरतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ब्लूमन नावाचा कॅनडाचा वकील तात्पुरत्या व्हिसावर न्यूयॉर्कमध्ये होता. त्याला उमेदवारांना पैसे द्यायचे होते आणि पत्रकं छापून सेंट्रल पार्कात वाटायची होती. २०११ मध्ये तो हरला. निकाल लिहिला होता ब्रेट कॅव्हनॉ यांनी, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात नव्हते. पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

मुलाचं म्हणशील तर पैसे खरोखर त्याचे हवेत आणि द्यायची इच्छाही त्याची हवी. बापाचे पैसे पोराच्या नावावर फिरवणं हा वेगळाच गुन्हा. माझ्यासमोर एकानं बायकोच्या नावानं चेक पुढे केला होता, सही मात्र स्वतःची. तो मी तिथल्या तिथे परत केला. त्यावरून पुढे बरीच नाराजी झाली, असो.

तुझा वेळ मात्र तू देऊ शकतोस. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायचे, दारोदार फिरायचं, पाट्या रोवायच्या. पैसे कुठे खर्चायचे, कोणाला कामावर घ्यायचं, अशा निर्णयांत मात्र पडायचं नाही.

जर्सी_जोशी:
काकूंच्या ‘बिनपगारी’वर दुहेरी रेघ मारा. २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेल्या बर्नी सँडर्स यांच्या प्रचाराला ऑस्ट्रेलियाची तरुण मंडळी आली होती. इथे पगार नव्हता, पण विमानभाडं आणि रोजचा भत्ता तिकडची लेबर पार्टी देत होती. निवडणूक आयोगानं ती परदेशी देणगी धरली. २०१८ मध्ये सँडर्स यांच्या प्रचार समितीनं १४,५०० डॉलर दंड भरला.

आणखी एक. प्रचाराच्या टेबलावर क्लिपबोर्ड फिरत असतो, त्यात मतदार नोंदणीचा फॉर्म असू शकतो. घाईत सही करू नकोस. व्हिसावाल्याला ते देणगीपेक्षा महागात पडतं.

कोथरूडचा:
मजा बघा. एडिसनकर अजून भारतीय नागरिक आहेत, त्यामुळे तिथे बसून स्वतःच्या बचतीतून भारतातल्या पक्षाला देणगी देऊ शकतात. उद्या अमेरिकन पासपोर्ट घेतला की ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) असूनही ते आपल्या कायद्यानं परदेशी स्रोत, म्हणजे पक्षाला देणगी बंद! ग्रीन कार्डवाल्याला मात्र दोन्हीकडची दारं उघडी.

आणि आपल्याकडचे मोठे मासे? मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ठरवलं की लंडनच्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप, दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडला. मग २०१६ च्या अर्थसंकल्पाबरोबर परदेशी कंपनीची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून. तेवढ्यानं भागेना, कारण त्या देणग्या २०१० आधीच्या, १९७६ च्या जुन्या कायद्याखालच्या. म्हणून २०१८ मध्ये तीच दुरुस्ती ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे ओढली. तिकडे तुमच्या शंभर डॉलरला चौकट, इकडे बेचाळीस वर्षं मागे जाऊन सूट!

एडिसनकर:
आभार. तिकीट नको म्हणून कळवलं. ते म्हणाले, मग नाश्त्याचं तुम्ही बघा, पन्नास जणांचे कांदेपोहे. हे चालेल ना?

खजिनदार_काकू:
फोडणी तू घाल. पोहे, तेल, शेंगदाणे, प्लेटा सगळं त्यांच्या समितीच्या कार्डानं घ्यायला लाव आणि बिलं त्यांच्या खजिनदाराकडे दे. तुझ्या खिशातून सामान आलं तर ती वस्तुरूपातली देणगीच की. मंडळाची मोठी कढई नेणार असशील तर तेही आधी त्या खजिनदाराला विचार.