न्यूयॉर्कच्या बागांमध्ये कुत्रं कुठे सोडावं: कुंपणाचं डॉग रन की सकाळचं मोकळं मैदान?

ब्रुकलिनकर

न्यूयॉर्कमध्ये कुणी नवीन कुत्रं आणलं की सगळे एकच सांगतात, "जवळच्या डॉग रनमध्ये सोडा, तासाभरात दमेल." माझं मत उलट आहे. गर्दीच्या वेळचं डॉग रन बऱ्याच कुत्र्यांना झेपत नाही. ज्यांना जमेल त्यांनी प्रॉस्पेक्ट पार्क किंवा सेंट्रल पार्कची सकाळची मोकळी वेळ गाठावी.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इथे पट्टा काढायची सोय दोन ठिकाणी आहे. एक डॉग रन: चारी बाजूंनी कुंपण, बाग उघडी असताना कधीही जा. टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमधलं १९९० सालचं डॉग रन हे शहरातलं पहिलं. दुसरी सोय मोकळ्या वेळेची. ठरवून दिलेल्या मैदानांवर बाग उघडल्यापासून सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ पासून बाग बंद होईपर्यंत कुत्री सोडता येतात. एरवी पट्टा हवाच, आणि तो ६ फुटांपेक्षा लांब नको. ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कात कुंपणाचं डॉग रन एकही नाही, तिथे सगळं या वेळांवरच चालतं.

आता डॉग रनच्या फाटकापाशी जरा उभे राहून बघा. फाटक दुहेरी असतं. बाहेरचं लावायचं, मधल्या चिंचोळ्या जागेत पट्टा सोडायचा, मग आतलं उघडायचं. तोवर आतली पाच-सहा कुत्री धावत येऊन जाळीला नाक लावून उभी असतात. नव्या कुत्र्याचे कान मागे गेलेले, शेपूट पोटाखाली, आणि ते सारखं ओठ चाटतंय. मालकाला वाटतं, लाजतंय. तो म्हणतो "जा बाळा, खेळ" आणि फाटक उघडून खिशातून फोन काढतो. पुढच्या क्षणी त्या कुत्र्याला सगळी मिळून घेरतात. आपल्या मर्जीने भेटणारी कुत्री समोरासमोर चालून येत नाहीत. ती वळसा घेत, बाजूने येतात, हुंगतात आणि पुढे जातात. त्याला जागा लागते. प्रॉस्पेक्ट पार्कचं लाँग मेडो जवळपास मैलभर लांब आहे. तिथे नको असलेल्या कुत्र्यापासून सरळ लांब जाता येतं. कुंपणाच्या कोपऱ्यातून कुठे जाणार?

तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

दोन लेकरांची आई

ठाम असहमत. तुम्ही फक्त कुत्र्याच्या बाजूने विचार केलात. त्या मैदानावर माणसंही असतात.

माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. पहाटे चारला जाग येणार, मग सातला बागेत फिरायला. त्या गवतावर नव्हत्या, कडेच्या वाटेवर होत्या. एक भलंमोठं कुत्रं लांबून थेट त्यांच्या रोखाने धावत आलं. चावलं नाही, अंगावरही उडालं नाही, दोन हातांवर येऊन थांबलं. मागून मालक ओरडतोय, "काही करत नाही, फार गोड आहे." सासूबाईंच्या पायातलं बळच गेलं, बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. पुढचे कितीतरी दिवस त्या बागेत आल्या नाहीत. तुमचा काही करत नाही हे समोरच्या बाईला कसं कळावं?

कुंपण असलं की मला कळतं कुत्री कुठे आहेत आणि मी कुठे जायचं. ज्याला जायचंय तो फाटक उघडून जातो. मैदानावर आम्हाला कुणी विचारलेलंच नाही. ही मोकळी वेळ कितीतरी वर्षं तोंडी सवलत म्हणूनच चालू होती. २००६ मध्ये क्वीन्समधल्या ज्युनिपर व्हॅली पार्कच्या परिसरातले रहिवासी कोर्टात गेले, तेव्हा कुठे २००७ मध्ये ती नीट नियमात बसवली.

ब्रुकलिनकर

ताई, सासूबाईंच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं, आणि तो मालक दोषी आहे. हाक मारल्यावर जे कुत्रं परत येत नाही त्याचा पट्टा काढायचाच नाही, मग वेळ कुठलीही असो. पण कोर्टाची गोष्ट पूर्ण सांगा. निकाल शहराच्या बाजूने लागला. नंतरच्या नियमात मालकावर जबाबदारीही आली: परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला जवळ हवा, मागितला तर दाखवायचा. न्यूयॉर्ककरांनी मनावर घेतलं की बदल होतो. कुत्र्याची घाण मालकानेच उचलायची हा कायदा १९७८ चा. तेव्हा केवढी कुरकुर झाली असेल, आज पिशवीशिवाय निघणारा मालक क्वचित दिसतो.

दवाखान्यातली

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून आजारांबद्दल लिहिते. या वादात तो मुद्दा राहूनच जातो.

मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टो ऐकलेला असतो ना, तोच इथेही कुत्र्यांना होतो. उंदराच्या मुतातून पसरतो, साचलेल्या पाण्यात टिकतो. न्यूयॉर्कमध्ये उंदरांची काय कमी! त्यामुळे डॉग रनमधल्या डबक्यातलं आणि सगळ्यांच्या त्या एका भांड्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका, घरून बाटली न्या. लेप्टोची लस दिली आहे ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चार महिन्यांखालच्या पिल्लाला डॉग रनमध्ये परवानगीच नाही, आणि ते योग्यच आहे, लशी पूर्ण झालेल्या नसतात. माजावर आलेल्या मादीलाही नेऊ नका.

पण ब्रुकलिनकर, मोकळं मैदान म्हणजे निर्धोक असं समजू नका. प्रॉस्पेक्ट पार्कच्या तळ्यात उन्हाळ्यात विषारी निळी-हिरवी शेवाळं वाढतात. ते पाणी प्यायलेलं कुत्रं काही तासांत दगावू शकतं. पाटी लावलेली असते, पण कुत्रं थोडंच वाचणार?

मारामाऱ्यांचं म्हणाल तर माझ्या पाहण्यात बहुतेक भांडणं चेंडूवरून किंवा खाऊवरून होतात. दोन्ही घरी ठेवा. दुसरं म्हणजे आत गेल्यावर पट्टा लगेच काढा. बाकी सगळी मोकळी आणि आपलंच बांधलेलं असलं की ते घाबरून आधी दात दाखवतं.

जॅक्सन हाइट्स

मला ब्रुकलिनकरांचं लिहिणं वाचून रागच आला, म्हणून स्पष्ट लिहिते.

सकाळी ९ च्या आत लाँग मेडोवर कोण जाऊ शकतं? जो बागेच्या बाजूला राहतो आणि ज्याला कामावर उशिरा गेलं तरी चालतं तो. मी नर्स आहे, सातला ड्यूटीवर हजर असते. रात्री नऊनंतर एकट्या बाईने अंधाऱ्या मैदानावर जायचं? मला घराजवळचं डॉग रनच आहे, आणि तेवढ्यासाठी मी शहराची ऋणी आहे.

शिवाय माझी मुलगी, म्हणजे माझी कुत्री, गावठी आहे, महाराष्ट्रातल्या रस्त्यावरून आणलेली. भारत रेबीजच्या जोखमीच्या देशांच्या यादीत असल्यामुळे चिप, लस, रक्ताची तपासणी, सगळे सोपस्कार केले. ती माझ्यावर जीव टाकते, पण ट्रकचा आवाज झाला की तिला हाक ऐकू येत नाही. उघड्यावर सोडली तर थेट रस्त्यावर जाईल. मैदान कुत्र्याला सुटायला जागा देतं म्हणता, माझीला ते हरवायलाही जागा देईल. कुंपण आहे म्हणून तिला आयुष्यात धावता येतं. पहिल्यांदा ती मागचे पाय पोटाखाली घेऊन वेड्यासारखी गोल-गोल पळाली तेव्हा मी तिथेच उभी राहून रडले.

मी दुपारी जाते. दोन-तीन कुत्री असतात. आधी बाहेरून दहा मिनिटं बघते, दांडगाई करणारं कुणी असलं तर आत जातच नाही.

ब्रुकलिनकर

रागावू नका. तुमच्या मुलीला कुंपणच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. मी सुरुवातीलाच "गर्दीच्या वेळचं" आणि "ज्यांना जमेल त्यांनी" असं लिहिलंय. तुम्ही बाहेर उभं राहून बघता, नको असेल तर परत फिरता. हे सगळे करतील तर माझी अर्धी तक्रार मिटेल. पण संध्याकाळी सहाला, वीस कुत्री आणि वीस फोन असताना, आपल्या थरथरणाऱ्या कुत्र्याला "शिकेल हळूहळू" म्हणून आत ढकलणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ते शिकतं, पण काय शिकतं? की दुसरं कुत्रं दिसलं की आधी आपणच हल्ला करायचा. मग लोक मला विचारतात, हा एवढा चिडका कसा झाला.

दोन लेकरांची आई

जॅक्सन हाइट्स, तुमच्या मुलीचं वाचून फार बरं वाटलं. मला कुत्री नकोत असं नाहीच.

ब्रुकलिनकर, तुमच्या मैदानावर माझा अजून विश्वास नाही. सकाळी नवाला मी मुलांना घेऊन येते. सव्वानऊ होतात, साडेनऊ होतात, तरी पाच-सात कुत्री मोकळीच असतात, आणि पट्टा लावा म्हटलं की "दोनच मिनिटं". तुम्ही रोज तिथे असता, त्या लोकांना ओळखता. त्यांना तुम्ही सांगा, माझं ते ऐकत नाहीत. नवाला पट्टे लागले तर माझी काही तक्रार नाही. नाही लागले तर मी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरवर, कळवत राहणार.