प्रवाळाच्या टाकीला एलईडी कोणता घ्यावा?

खारंपाणी: टाकी ९०×४५×४५ सेंमी. तळाशी झोआ आणि हॅमर, वर अ‍ॅक्रोपोरा ही प्रवाळं ठेवायचीत. १०० वॅटचा एकच दिवा पुरेल का?

लाटकरी: वॅट नका बघू, पार (PAR) बघा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड प्रवाळापर्यंत किती पोचतो ते. झोआला साधारण ५०-१००, हॅमरला ८०-१५०, अ‍ॅक्रोपोराला २००-३५०. एकच दिवा लावलात तर मधोमध भरपूर उजेड, कडेला अंधार. शिवाय उजेड एकाच बाजूने आला की अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या खालून सावलीत राहतात आणि तिथलं मांस मरतं. त्यापेक्षा दोन लहान दिवे घ्या, ४५ सेंमी अंतरावर, पाण्यापासून २०-२५ सेंमी उंच.

निळाई: रंगाचंही बघा. प्रवाळातल्या शैवालाला ४००-४८० नॅनोमीटरचा जांभळा-निळा पट्टा हवा. दिव्यातला पांढऱ्या रंगाचा चॅनल १०-२० टक्के पुरे. उजेड मोजणाऱ्या मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नका, निळा उजेड ते फार कमी दाखवतं. पार मीटर भाड्याने मिळाला तर उत्तम.

खारंपाणी: दिवे लावल्यावर लगेच पूर्ण ताकदीवर?

लाटकरी: अजिबात नको! ३५ टक्क्यांपासून सुरू करा, आठवड्याला ५ टक्के वाढवा. झोआचे देठ लांबले तर उजेड कमी पडतोय. प्रवाळ वरच्या बाजूने फिका पडू लागला तर जास्त होतोय, लगेच १० टक्के उतरवा. आणि लेन्सवर मीठ साचतं, ते ओल्या फडक्याने पुसत राहा.